अनुभव धागा : गाऱ्हाणं, गाणं आणि आपला किनारा

देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण बोलतो आणि जमलेली सगळी माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तो होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. जमीन, पाणी, खाडी, डोंगर यांच्यासाठी आपल्या कोकणात जे लढे उभे राहिले, त्यांना या जुन्या सवयीने मोठं बळ दिलं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा. डहाणूपासून दोडामार्गापर्यंत कुठेही तुम्ही हक्कासाठी गायला असाल, वाजवलं असेल, देवाला साकडं घातलं असेल, तर ते लिहा. देव न मानणाऱ्यांनीही लिहा. सुरुवात मी करते.

मी दोडामार्ग तालुक्यातली. आमच्या डोंगरांत लोहखनिज आहे. कळण्याच्या खाणीविरुद्ध लोक उठले तेव्हा आमच्या गावातही धास्ती होती. डोंगर पोखरला की झरे आटतात आणि झऱ्यांच्या पाण्यावरच आमच्या माडा-पोफळीच्या बागा उभ्या आहेत. ग्रामसभेच्या आदल्या रात्री ग्रामदेवतेच्या देवळात भजन ठेवलं. पखवाज, पेटी, झांजा, सगळं नेहमीचंच. गजर संपला, बुवांनी पेटी मिटली आणि मानकरी उभे राहिले : "बा देवा म्हाराजा, हो डोंगर तुजो, ह्यां पाणी तुजां. तेच्यार कोणाची वायट नदर पडली आसात तर ती दूर कर रे म्हाराजा!" त्यावर जो 'व्हय म्हाराजा' उठला, त्यात भावकीच्या तंट्यामुळे वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारी माणसंही होती. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत हात वर करायला कुणी कचरलं नाही. पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला. आमचं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा, अशी मागणी सावंतवाडी-दोडामार्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी स्वतः ठराव करून केली होती. कोकणी माणसाला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते.

राजापूर तालुक्यातून, शेतकरी

एप्रिल २०२३. बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू होणार होतं. बायका रस्त्यावर आडव्या झाल्या ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. टीव्हीवर आलं नाही ते सांगते. कातळ इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही, आणि सावली शोधायला सड्यावर झाड नाही. वाद्य काहीच नव्हतं. कुणीतरी गौरीच्या फुगडीची चाल धरली आणि आम्ही टाळ्यांवर त्यात आमचे शब्द भरत गेलो : आंबा, काजू, विहीर, खाली खाडीत मिळणारी मासळी. एकीचा घसा बसला की दुसरी उचलायची. आमच्या शिमग्याच्या पालखीला ज्या वाटा आहेत, त्याच वाटांनी आम्ही चालत सड्यावर गेलो होतो. त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ साली गेली, त्यात बारसूही आहे. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच दगडावर बसून चित्रं कोरली, हे त्या दिवशी फार जवळचं वाटलं.

महाड

वर देवळाचं आणि पालखीचं आलंय, ते वाचून आनंद झाला. पण माझ्या आजीच्या लहानपणी पालखी आमच्या वाडीत येत नसे आणि त्या 'व्हय म्हाराजा'त आमचा आवाज धरलेला नसे. हेही या धाग्यात नोंदवलं पाहिजे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा, मुंबई कायदेमंडळातला सी. के. बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केलं, कागदावर. पाणी प्रत्यक्ष ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांबरोबर. आमच्या घरात तेव्हापासूनच्या जलशांची परंपरा आहे : ढोलकी, पेटी, डफ, आणि मधे थांबून सरळ प्रश्न विचारणारा शाहीर. आता दर २० मार्चला गाताना मी सावित्री नदीवर एक कवन म्हणतो. तळ्याचं पाणी मिळवलं आणि नदीचं पाणी सांडपाण्याने नासू दिलं, तर आम्ही काय मिळवलं? बुद्धवंदना झाल्यावर हे कवन म्हणतो तेव्हा म्हातारी माणसं पुढे सरकून बसतात.

(महाडच्या दादांना : तुमचं म्हणणं अगदी खरं. ज्या गावात सगळ्यांचा होकार धरला जात नाही तिथलं गाऱ्हाणं अपुरंच, असं मीही मानते. ते कवन पूर्ण लिहाल का? – धागाकर्ती)

मालवण, रापणकर (किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणारा)

आमच्याकडे नारळी पौर्णिमेला सोन्याचा मुलामा दिलेला नारळ वाजतगाजत बंदरावर नेतात. पावसात मासळी अंडी घालते. सरकारची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, पण आमचे वाडवडील दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत. एका वर्षी मिरवणुकीतच, ढोल थांबवून, पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध गाऱ्हाणं झालं. रात्री समुद्रात प्रखर दिवे सोडले की लहानमोठी सगळी मासळी उजेडाकडे ओढली जाते, मग किनाऱ्यावरच्या रापणीत येणार काय? आमच्या शेजारचे मुसलमान मच्छीमारही त्या दिवशी सोबत उभे होते. आधी नमाज पढून आले होते.

डहाणू

तारपा हे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, सुकलेल्या भोपळ्याचं. वाजवणारा मधे, नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती, आणि श्वास न तोडता वाजवावं लागतं. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. तरी वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. बंदराविरुद्धच्या मोर्चात कोळी बायका पुढे आणि आम्ही वारली तारपा घेऊन मागे होतो. आमचा देव डोंगरात, त्यांचा दर्यात. सभेतली भाषणं लांबली की लोक पांगतात. तारप्याभोवतीचं कडं मात्र अंधार पडेपर्यंत सुटलं नाही.

वेळासजवळून

आमचं थोडकंच आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून त्या दिवसांत किनाऱ्यालगतच्या कार्यक्रमाला मोठे दिवे आणि डीजे नको, एवढं भजनी मंडळाने ठरवून घेतलं. टाळ-मृदंगावर भागतं. तरुण पोरं रागावली होती, पण पिल्लं पाण्याकडे जाताना पाहिली आणि पुढच्या वर्षी तीच पहाऱ्याला आली.

धागाकर्तीकडून

उरण-पनवेलकडचं अजून कुणी लिहिलं नाही. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी तिथले शेतकरी आपले नेते दि. बा. पाटील यांच्या मागे उभे राहिले आणि पाच जण हुतात्मा झाले. आगरी लग्नांत धवला गाणाऱ्या धवलारिणी लग्न लावण्याचा मान राखतात. त्या चालींवर त्या काळात लढ्याची गाणी झाली असतील, तर ती ज्यांच्या तोंडी आहेत त्या आजीबाई आता थकल्या असतील. आगरी-कोळी घरांतल्या कुणाला एखादी ओळ आठवत असेल तर अर्धवट का होईना, लिहा. चाल कुठल्या धवल्याची हे कळलं तर फारच बरं.