बंबात पाईनच्या फळ्या जाळाव्यात का?

बंबवाला: शिरोली एमआयडीसीतून पॅकिंगच्या पाईन फळ्या मिळतात. पहाटे चार फोडून बंबात घातल्या की अंघोळीचं पाणी कढत. शेजारचे काका म्हणतात, "मऊ लाकूड, राळेचं. नळी काजळीनं भरंल. बाभळ घाल." मी म्हणतो, बंबाला मऊच बरं. बोला.

जळण_जुनं: काकांचं खरं आहे. आमच्या धुराड्यात पाईननं डांबरासारखा थर बसला, खरवडताना विळ्याची मूठ निघाली. बाभळीचा निखारा टिकतो, फळी नुसती भडभड. तिच्यावर मटण शिजवून दाखवा.

बंबवाला: मटण बंबात शिजवत नाय ओ आम्ही. फळ्या कोरड्या होत्या का?

जळण_जुनं: पावसाळ्यात पत्र्याखाली होत्या. दमट असतील थोड्या.

बंबवाला: मग राळेला कशाला शिव्या? ओलं लाकूड धुमसतं आणि अर्धवट जळालेला धूर गार धुराड्याला चिकटतो. ओली बाभळही तेच करणार. किलोमागं उष्णता दोघांची जवळपास सारखी. बाभळ घट्ट, म्हणून तेवढ्याच जागेत वजन जास्त बसतं, एवढंच.

वखारीवरचा: जळण वजनावर विकतो, म्हणून सांगतो. जुलैत ताजी तोड घेणारा पाण्याचे पैसे देतो. वर एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता जाते, ती तुमच्या अंघोळीच्या वाट्याची. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. कोरडं टणकन वाजतं, ओलं धप्प. बाकी बाभळ का पाईन, मला दोन्ही विकायचंच आहे.

जळण_जुनं: बरं, धुराड्याचं मान्य. निखाऱ्याचं नाही. रश्श्याला मंद आच लागते, ती फळी देत नाही.

परसातली: तुम्ही दोघं लाकडाची जात बघताय, शिक्का कोण बघणार? परदेशातून आलेल्या पॅकिंगवर 'एचटी' असेल तर ते तापवलेलं, जाळायला चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते जाळू नका. रंगवलेलं आणि प्लायवूडही नको. आणि राख परसात टाकण्याआधी खिळे वेचा. गेल्या महिन्यात एक माझ्या टाचेत गेला.

बंबवाला: आत्ता बघून आलो. चौदापैकी तिघींवर एचटी. बाकीच्यांवर शिक्काच दिसत नाही.

परसातली: मग त्या अकरा बंबाजवळ नेऊ नका.

बंबवाला: उद्या अंघोळ तीन फळ्यांवर. 😀