मदत हवी आहे: मारुती ८०० ला टर्बो बसवला, पण चार सेकंदांनी पेट्रोल कमी पडतंय

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. इथल्या ग्रुपांवर विचारून झालं, पण "भिया, सीएनजी लगवा लो" यापलीकडे कुणी गेलं नाही.

गाडी वडिलांची जुनी ८००. कार्बोरेटरवाली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. रस्त्यावरून कायमची उतरवली आहे. राऊच्या पुढे काकांच्या शेतात मुरमाचा लांब सरळ पट्टा आहे, तिथेच फिरते, त्यामुळे आरटीओचा विषय कृपया काढू नका. टर्बो १.३ डिझेल स्विफ्टचा, भंगारातून उचललेला. डिझेलचा ॲक्चुएटर (दाब वाढला की टर्बोची झडप उघडणारा भाग) फार उशिरा उघडतो, म्हणून मऊ स्प्रिंग टाकून बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, ०.४ बारवर आणला. मांडणी ब्लो-थ्रू: आधी टर्बो, मग कार्ब. कार्बच्या तोंडावर लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची टोपी करून घेतली, तीत दाबलेली हवा येते.

दुखणं असं आहे. सेकंड गिअर, ॲक्सिलरेटर तळाला. पहिले तीन-चार सेकंद गाडी अशी सुटते की आपलं आपल्यालाच हसू येतं. एएफआर मीटरवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण; आकडा चढला म्हणजे पेट्रोल कमी) १२ च्या आसपास. मग १३, १४, १६... इंजिन अडखळतं, सायलेन्सरमधून एक फटाका, आणि संपलं. पाय उचलून दहाएक सेकंद आयडलवर ठेवली की पुन्हा चार सेकंदांची मजा.

आतापर्यंत केलेले उद्योग: मेन जेट (कार्बमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) दोनदा मोठा केला. आता सुरुवातीला काळा धूर येतो आणि शेवटी तेच, उलट जरा लवकरच. बाऊलचा (कार्बमधल्या पेट्रोलच्या वाटीचा) एक व्हेंट, म्हणजे हवेचं भोक, टोपीच्या आत उघडतो, तो तसाच ठेवलाय. पेट्रोलची वाफ धरणाऱ्या कॅनिस्टरकडे जाणारा बंद केला. इंजिनवरचा मूळ डायफ्रॅम पंप बूस्टपुढे टिकणार नाही म्हणून काढला. त्याजागी सियागंजातून कार्बच्या गाड्यांचा टकटक करणारा इलेक्ट्रिक पंप आणला, पुढे बूस्टची नळी जोडता येणारा रेग्युलेटर. आयडलला ०.२५ बार ठेवलंय.

प्लग पांढरेफटक. एकाच्या चिनीमातीवर बारीक चकचकीत कण दिसतायत, साखरेच्या दाण्यांसारखे. ते बघून हातपाय गार पडले, तेव्हापासून गाडी उभी आहे. अजून मोठा जेट टाकू का?

प्रतिसाद:
एवढा खटाटोप कशाला? कार्ब टर्बोच्या आधी लाव. १९६२ च्या शेव्हरोले कॉर्व्हेअर स्पायडरमध्ये तसंच होतं. कार्बला बूस्ट दिसतच नाही, साधा पंप पुरतो.

प्रतिसाद:
वरच्या मांडणीत पेट्रोलच्या दाबाचं दुखणं जातं हे खरं, पण हा टर्बो डिझेलचा आहे. मूळ डिझेलला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसतो, म्हणून कॉम्प्रेसरच्या बाजूचं सील कधी जोरदार व्हॅक्यूमसाठी केलेलंच नसतं. कार्ब आधी लावला की ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोतलं ऑइल ओढलं जाईल आणि मागे निळ्या धुराची मिरवणूक. शिवाय पुढे कधी इंटरकूलर टाकायचा म्हटलं तर ओलं मिश्रण त्यातून न्यावं लागेल, थेंब साचतात. धागाकर्त्याची मांडणी चुकीची नाही. १९८० च्या लोटस एस्प्री टर्बोतही हवा कार्बमधूनच ढकललेली होती.

प्रतिसाद:
जेटला हात लावू नकोस. तुझं उत्तर तुझ्याच घड्याळात आहे. जेट लहान असता किंवा बाऊलला बूस्ट पोचत नसता, तर बूस्ट आल्या क्षणी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाली असती. चार सेकंद नीट पळून मग लीन होते, म्हणजे बाऊल रिकामा होतोय. मोठ्या जेटने तो लवकर रिकामा झाला, इतकंच.

हिशेब कर. साधारण ५५ हॉर्सपॉवर धर. पूर्ण लोडवर टर्बो पेट्रोल इंजिन दर हॉर्सपॉवरला तासाला पाव किलोच्या वर पेट्रोल पितं. म्हणजे तासाला १५ किलो, जवळजवळ २० लिटर. सेकंदाला साडेपाच मिली. आता बाऊलमध्ये किती मावतं ते इंजेक्शनच्या सिरिंजने मोज. मग कार्बच्या अगदी आधी टी टाकून गेज लाव. गेज केबिनमध्ये अजिबात आणू नकोस, पेट्रोल आहे ते. काचेबाहेर बांध आणि आतून मोबाइलवर शूट कर. ०.४ बूस्टला तिथे ०.६५ दिसायला हवं. आणि प्लगच्या ठिणगीचं टायमिंग आधी मागे घे. ते चकचकीत कण म्हणजे नॉकिंगमुळे (मिश्रण अवेळी भडकल्यामुळे) पिस्टनचं ॲल्युमिनियम उडालंय.

धागाकर्ता:
काका (वयाचा अंदाज चुकला असेल तर माफी), मोजलं. बाऊलमध्ये ३५ मिली. टायमिंग मागे घेऊन एकच फेरी मारली, लीन दिसताच पाय उचलला. व्हिडिओत गेज आयडलला ०.२५, बूस्टला ०.३०, आणि तिथेच चिकटून. रेग्युलेटर खराब म्हणून शिव्या घातल्या. मग पंपाचं तोंड बंद करून नुसता पंप मोजला: ०.३२ बार.

प्रतिसाद:
रेग्युलेटरला उगीच शिव्या दिल्यास. तो दाब कमी करतो, वाढवत नाही. बाऊलमध्ये ०.४, लाइनमध्ये ०.३: पेट्रोल आत जाणारच कसं? ३५ मिली भागिले साडेपाच म्हणजे सहा सेकंद, आणि तळ लागण्याआधीच जेट उघडा पडतो. आले तुझे चार सेकंद.

इंजेक्शनच्या गाडीचा पंप घे, पण त्याच्यासोबतचा रेग्युलेटर नको, तो कार्बसाठी फार जास्त दाब ठेवतो. कार्बचा बायपास रेग्युलेटर लाव, जादा पेट्रोल टाकीत परत ने. पंपाच्या तोंडाशी वळवू नकोस. तेच तेच फिरून तापेल आणि तुमच्याकडच्या मे महिन्यात वाफ धरेल. नळ्या इंजेक्शनच्या दर्जाच्या. रेग्युलेटरची बूस्टची नळी टोपीवरून घे, मॅनिफोल्डवरून (कार्बनंतर इंजिनात नेणारा पाइप) नको: अर्ध्या थ्रॉटलला टोपीत दाब आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असू शकतो, तेव्हा पुन्हा उपाशी राहील.

धागाकर्ता:
नळी मॅनिफोल्डवरच होती. बदलली. पंप, रिटर्न, रेग्युलेटर सगळं झालं, दोन रविवार गेले. काल गेज ०.६५, मीटर १२ च्या खाली, आठ सेकंद सलग. थांबलो ते शेताचं फाटक आलं म्हणून. जेट एक नंबर परत लहान करतोय.

आता नवीनच. जोरात फेरी मारून आलो की आयडलला पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, टोपीत वास येतो. रेग्युलेटर आयडलला बरोबर ०.२५ दाखवतोय. फ्लोट (बाऊलमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) कानाशी धरून हलवला तर आत खळखळ.

प्रतिसाद:
पोकळ फ्लोट बूस्टने दाबला जाऊन चिरलाय, आत पेट्रोल शिरलंय. गरम पाण्यात बुडव, बुडबुडे जिथून येतील तिथे चीर. डाग देत बसू नकोस, पुन्हा चिरेल. भरीव फ्लोट शोध, आणि तो बसवल्यावर लेव्हल नव्याने लाव, वजन वेगळं असतं.

धागाकर्ता:
बुडबुडे आले, जोडावरूनच. या कार्बमध्ये बसेल असा भरीव फ्लोट इंदुरात किंवा पुण्यात कुणी पाहिलाय का?