अकरावीत सुटलेलं गणित कॉलेजात पुन्हा समोर आलं तेव्हा काय केलंत? अनुभव लिहा

दहावीचा निकाल लागला की बरीच मुलं गणिताच्या वह्या रद्दीत देऊन मोकळी होतात. महाराष्ट्र बोर्डाच्या कॉमर्सला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेता येतं, आणि आर्ट्सला तर सहसा विषयच निघत नाही. मग मुंबई विद्यापीठाच्या एफवायबीकॉमला शेअर्स, लिनियर प्रोग्रॅमिंग, प्रॉबॅबिलिटी, डेरिव्हेटिव्ह, ॲन्युइटी, कोरिलेशन-रिग्रेशन अशी रांगच लागते. बीएमएस, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, नर्सिंग, कोणाचीच यातून पूर्ण सुटका नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पेपरांची नावं आणि क्रेडिट बदलले, आतलं गणित बरंचसं तेच राहिलं.

मी नौपाड्यात संध्याकाळी अशाच मुलांना शिकवते. माझं निरीक्षण असं, की मूल ज्या धड्यावर अडलेलं दिसतं तिथे खरी अडचण क्वचितच असते. रिग्रेशन येत नाही म्हणून आलेल्या मुलीबरोबर एकेक पायरी मागे जात राहिलं, की गाडी ऋण संख्यांच्या गुणाकाराशी येऊन थांबते. सातवीतली ती गोष्ट नीट झाली की रिग्रेशन आठवड्याभरात जमतं. पण हे झालं शिकवणाऱ्या बाजूने. तुम्ही स्वतः यातून गेला असाल तर नेमकं काय केलंत ते लिहा. कुठलं उदाहरण, कुठलं पुस्तक, कोणाला विचारलंत. "मेहनत केली" एवढंच लिहू नका, त्याने कोणाला काही हाती लागत नाही. इथे पहिल्या वर्षाची मुलं वाचतात.

कळवेकर

ताई, मी एसपीवाला. ॲन्युइटीचं, म्हणजे ठरावीक हप्त्यांचं सूत्र फळ्यावर आलं तेव्हा वर्गात अर्ध्या जणांनी पेन खाली ठेवलं होतं. मला ते घरच्या कर्जामुळे समजलं. वडिलांनी रिक्षासाठी कर्ज काढलं होतं आणि कागदावर व्याजाचा जो दर होता त्यावरून हप्ता काही जुळत नव्हता. मी सोपे आकडे घेऊन बसलो. कर्ज १,००,००० रुपये, वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का, फेड १२ महिन्यांत. सूत्राने हप्ता येतो साधारण ८,८८५. पहिल्या महिन्याचं व्याज १,०००, म्हणून मुद्दलातले फिटले ७,८८५. उरले ९२,११५. दुसऱ्या महिन्याचं व्याज त्यावर, ९२१ रुपये. असा बारा ओळींचा तक्ता हाताने भरला. शेवटच्या ओळीत मुद्दल एखाद्या रुपयाच्या फरकाने शून्यावर आलं, आणि ते सूत्र कशासाठी आहे ते मला त्या क्षणी दिसलं. एकूण व्याज ६,६२० च्या आसपास.

आता तेच कर्ज 'फ्लॅट' १२ टक्क्यांनी, म्हणजे फिटलेलं न वजा करता पूर्ण मुद्दलावर व्याज लावून घेतलं तर व्याज सरळ १२,००० आणि हप्ता ९,३३३. दर दोन्हीकडे १२ च म्हणतात! वडिलांच्या कागदावरचा दर फ्लॅट होता. त्यानंतर घरात कुठलंही कर्ज घ्यायचं झालं की कागद आधी माझ्याकडे येतो.

एक उपयोगाची गोष्ट. पेपरला साधाच कॅल्क्युलेटर चालतो, त्यावर घाताचं बटण नसतं. साध्या कॅसिओवर १.०१ दाबा, गुणिलेचं बटण दोनदा दाबा, मग बरोबरचं बटण दाबत राहा. पहिल्यांदा वर्ग येतो, दुसऱ्यांदा घन. म्हणजे बारावा घात हवा तर बरोबर अकरा वेळा. १.१२६८ येतं. दुसऱ्या कंपनीचा असेल तर आधी २ वर करून बघा, ४, ८, १६ आलं की झालं.

ऐरोलीची

मी बीए, मानसशास्त्र. माणसांचं मन समजून घ्यायचं म्हणून आले आणि तिसऱ्या वर्षाला स्टॅटिस्टिक्स समोर. स्टँडर्ड डेव्हिएशनचं कोष्टक मी यंत्रासारखी भरत होते. उत्तर बरोबर यायचं, पण ते काय सांगतंय ते विचारलं तर गप्प.

आमच्या मॅडमनी एकदा फक्त पाच आकडे दिले. ४, ६, ८, १०, १२. सरासरी ८. म्हणाल्या, प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते लिही आणि बेरीज कर. -४, -२, ०, २, ४. बेरीज शून्य. "मग या आकड्यांमध्ये काहीच फरक नाही का?" मी म्हटलं, आहे की. "मग बेरजेत दिसत का नाही?" वर आणि खाली एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून! वर्ग केले की चिन्ह जातं. १६, ४, ०, ४, १६, बेरीज ४०, पाचाने भागून ८, आणि वर्ग केले होते म्हणून शेवटी वर्गमूळ, २.८३. प्रत्येक रकाना का आहे ते कळल्यावर मला ते कोष्टक पाठ करावं लागलंच नाही. विसरले तर पुन्हा उभं करता येतं.

आता समुपदेशन केंद्रात काम करते. चाचणीचा गुण वाचताना सरासरीइतकंच डेव्हिएशनकडे लक्ष जातं.

घणसोली, सेक्टर ७

मुक्त विद्यापीठातून पदवी केली, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. माझा अनुभव अगदी प्राथमिक वाटेल पण लिहिते. मी लेकीच्या सहावीच्या बालभारतीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी. लेकीला वाटायचं आई तिचा अभ्यास घेतेय, आणि मी माझा करत होते. दुपारी भांडी आवरून झाली की एक सरावसंच, उत्तरं मागच्या पानावर तपासायची. सहावी, सातवी, आठवी अशी तीन पुस्तकं झाल्यावरच कॉलेजचं पुस्तक उघडलं.

शेअर्सच्या धड्यात एक उदाहरण होतं. ५०० चा शेअर २० टक्के वाढला, मग २० टक्के पडला, आता किंमत किती? मी कागदावर केलं. आधी ६००. मग ६०० चे २० टक्के १२०, म्हणून ४८०. दुसरे २० टक्के मोठ्या रकमेवरचे आहेत हे मला लगेच दिसलं, कारण 'कशाचे टक्के?' हा प्रश्न सहावीच्या पुस्तकाने अंगी लावला होता. बायकांनो, मुलांची जुनी पुस्तकं देऊन टाकू नका.

वाशीहून, निवृत्त प्राध्यापक

मी कॉमर्सच्या मुलांना आयुष्यभर गणित शिकवलं. ताईंचं निरीक्षण मला मान्य आहे, त्यात थोडी भर.

पहिल्या तासाला मी अभ्यासक्रम काढत नसे. मुलांना म्हणायचो, चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर तेच केलं की पुन्हा ६१७४. कुठल्याही संख्येने सुरू करा, फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचता. ही गोष्ट १९४९ साली दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी शोधली. जन्म डहाणूचा, शाळा ठाण्यात झाली, आणि नोकरी देवळालीला शाळामास्तरची. मुलांना हे ऐकून फार बरं वाटायचं. आपल्याच ठाण्यात शिकलेला माणूस, हाताशी कागद-पेन्सिल आणि जगभर त्याच्या नावाची संख्या. शिवाय बेरीज-वजाबाकीत कोण कुठे अडतं तेही मला त्या एका तासात कळायचं, आणि कोणाला परीक्षा दिल्यासारखं वाटायचं नाही.

दुसरं, लिनियर प्रोग्रॅमिंग. आर्ट्स-कॉमर्सची मुलं आलेखाला उगाच घाबरतात. खरं तर पूर्ण गुण मिळवून देणारा याच्याइतका धडा नाही. x + y ≤ १० आणि २x + y ≤ १६ घ्या, x आणि y शून्याहून कमी नाहीत, आणि Z = ३x + २y जास्तीत जास्त करायचा आहे. प्रत्येक रेषेसाठी आधी x शून्य धरा, मग y शून्य धरा, दोन बिंदू मिळाले, रेषा तयार. कुठली बाजू रंगवायची? (०,०) टाकून बघा, अट खरी ठरली तर शून्याची बाजू. कोपरे निघतात (०,०), (८,०), (६,४), (०,१०). Z येतो ०, २४, २६, २०. उत्तर (६,४) ला २६. एवढंच. आलेख पेन्सिलने काढा, अक्षांवर प्रमाण लिहा, आणि कोपऱ्यांचं कोष्टक वेगळं मांडा. उत्तर शेवटी चुकलं तरी तपासणाऱ्याला पायऱ्यांचे गुण देता येतात, पण पायरी कागदावर दिसली पाहिजे. मुलं अर्धं गणित मनात करतात आणि मग त्याचे गुण कोणी देऊ शकत नाही, हे बघून मला नेहमी हळहळ वाटायची.

नेरूळ, नर्सिंग

आमच्याकडे रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स असतं. प्रॉबॅबिलिटी टक्क्यांत मांडली की माझं डोकं चालत नसे, माणसं मोजली की चालायचं. समजा १,००० जणांची तपासणी, त्यात खरे आजारी १०. तपासणी त्यांतल्या ९ जणांना पकडते. निरोगी ९९०, त्यांतल्या १० टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे ९९. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यांत खरे आजारी ९. बाराला एक! हे समजल्यापासून रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या पेशंटला मी काय सांगायचं ते मला माहीत असतं. अजून एक तपासणी होऊ द्या, मग बोलू.

कोपरी, ठाणे पूर्व

सगळे 'समजून घ्या' म्हणताहेत. मी थोडं वेगळं सांगतो. समजलेलं असूनही पेपर पुरा होत नाही, ही पण एक अडचण आहे. सूत्रं तोंडपाठ हवीतच. परीक्षेत कोरिलेशनचं सूत्र नव्याने उभं करायला वेळ कोणाकडे आहे? मी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर एका बाजूला सूत्राचं नाव, दुसऱ्या बाजूला सूत्र असं लिहून ठेवलं होतं. ठाणे ते तुर्भे लोकलमध्ये रोज तेच. बसायला जागा मिळो न मिळो, पुठ्ठा एका हातात मावतो. घरी घड्याळ लावून जुने पेपर सोडवायचो, आणि शेवटची पंधरा मिनिटं फक्त चिन्हं आणि बेरजा तपासायला ठेवायचो. सोडवलेला पेपर मित्राकडे, त्याचा माझ्याकडे. दुसऱ्याच्या वहीत वजाचं चिन्ह सुटलेलं पटकन दिसतं.

वर्तक नगर

कोपरीवाल्या दादांशी सहमत, पण डेरिव्हेटिव्हला पाठांतराने माझं काही झालं नाही. मी अर्थशास्त्राची. नियम येत होते, x² चं २x, पण मार्जिनल कॉस्ट म्हणजे डेरिव्हेटिव्हच का, हे कोणी सांगत नव्हतं. शेवटी आकडे टाकून पाहिले. खर्च C = x² + १०x + ५०. वीस नग बनवायला ६५०, एकवीस बनवायला ७०१. एकविसाव्या नगाचा खर्च ५१. डेरिव्हेटिव्ह २x + १०, त्यात २० टाकले की ५०. जवळजवळ तेच! पुढचा एक नग किती खर्च वाढवेल त्याचा अंदाज एका ओळीत मिळतो. कुठलंही सूत्र आलं की आधी लहान आकडे टाकून बघायची सवय तिथून लागली ती एमएपर्यंत राहिली.

कोपरखैरणे, एसवाय

सगळं वाचलं. माझी पहिल्या वर्षाच्या मॅथ्सला केटी आहे, म्हणजे तो पेपर राहिलाय. पुढच्या परीक्षेला दीड-दोन महिने आहेत. क्लासची फी घरून मागायची नाही असं ठरवलंय. प्रॉबॅबिलिटी, डेरिव्हेटिव्ह आणि रिग्रेशन अजिबात येत नाही, बाकी थोडं थोडं येतं. नक्की कुठून सुरू करू?

धागाकर्ती

बाळा, तिन्ही एकदम उचलू नकोस. पहिला आठवडा फक्त सातवी-आठवीचं. ऋण संख्या, अपूर्णांक, कंस सोडवणं, समीकरणात किंमत टाकणं. मग लिनियर प्रोग्रॅमिंग आणि ॲन्युइटी, कारण तिथे पायऱ्या ठरलेल्या असतात आणि हात बसला की गुण लवकर हाती येतात. वर सरांचं आणि कळवेकरांचं उदाहरण आहे, ती दोन्ही न बघता स्वतः सोडव. त्यानंतर रिग्रेशन, तिथे कोष्टक मोठं असतं पण काम बेरीज-गुणाकाराचंच. डेरिव्हेटिव्ह त्याच्यानंतर, प्रॉबॅबिलिटी सगळ्यांत शेवटी. तिला घाई चालत नाही, प्रश्न दोनदा वाचून नेरूळच्या ताईंसारखी माणसं मोजायला शीक.

तुझ्या कॉलेजात ज्यांनी हा विषय शिकवला त्यांना स्टाफरूममध्ये जाऊन भेट. 'मला काही येत नाही' असं सांगू नकोस, सोडवायला घेतलेलं एक उदाहरण घेऊन जा आणि कुठल्या ओळीवर थांबलास ते बोट ठेवून दाखव. तेवढ्या नेमक्या प्रश्नाला वेळ न देणारे शिक्षक मी फार कमी पाहिलेत. आणि आज रात्री एवढं कर: −३(x − ४) = २x + २ सोडव, प्रत्येक ओळीसकट फोटो काढून इथे टाक. उत्तर मी सांगत नाही. तुझ्या ओळी बघून पुढचं काय द्यायचं ते ठरवते.