मदत हवी आहे: सिसिलीत एटना ज्वालामुखीचा ट्रेक आणि आसपासची शहरे (११ जणांचा गट)

सातमाळा:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून ११ जण इटलीतल्या सिसिली बेटावर जातोय. मुक्काम एटनाजवळच्या कातानिया शहरात, सात रात्री. वयं २४ ते ६६. निम्मे लोक सह्याद्रीत नियमित फिरणारे, तिघांना गुडघेदुखी, एकाला दमा. चौघे शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.
एटनावर कुठपर्यंत जाता येतं? गाईड लागतोच का? गाडी घ्यावी की बसवर भागेल? ताओर्मिना आणि सिराकूझा एका दिवसात उरकता येईल का? आणि ऐनवेळी ज्वालामुखी भडकला तर?

अग्निजन्य:
अकराही जणांनी मिळून ज्वालामुखीच्या मुखापर्यंत जायचा बेत असेल तर तो आधी सोडा. गटाचे दोन भाग करा.
दक्षिणेकडून गाडीरस्ता रिफुजिओ सापिएन्झा या थांब्यापर्यंत जातो. उंची साधारण १९०० मीटर, म्हणजे तिथला गाडीतळच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (१६४६ मीटर) उंच. तिथून रोपवे २५०० मीटरपर्यंत आणि पुढे मोठ्या चाकांच्या फोर बाय फोर बस साधारण २९०० मीटरपर्यंत नेतात. त्यावरचा मुखांचा भाग फक्त अधिकृत गाईडबरोबर, तोही प्रशासनाने खुला ठेवला असेल तर. गाईडशिवाय कुठपर्यंत जायचं ही मर्यादा ज्वालामुखीच्या हालचालीनुसार खालीवर होते, त्यामुळे नेटवरच्या जुन्या लेखांतला आकडा धरून चालू नका. आदल्या संध्याकाळी गाईडकडून खात्री करून घ्या. २ जून २०२५ ला आग्नेय मुखाचा काही भाग कोसळून तप्त राखेचा लोट उतारावरून आला आणि डोंगरावरच्या पर्यटकांना पळत खाली यावं लागलं. वरची वाट बंद असेल तर हुज्जत घालू नका.
गुडघेवाल्यांसाठी सापिएन्झाच्या शेजारीच १८९२ च्या उद्रेकातली सिल्वेस्त्री मुखं आहेत. खालच्या मुखाला आरामात फेरी मारता येते. त्याहून थोडं जास्त चालायची तयारी असेल तर स्किएना देल्लासिनोची वाट घ्या. ती व्हाल्ले देल बोव्हे या प्रचंड दरीच्या कडेवर नेते. माझ्या मते मुखांइतकंच भव्य दृश्य इथे आहे आणि गर्दी कितीतरी कमी. दमा असलेल्यांनी मुखांकडे जाऊ नये. सल्फर डायऑक्साइड वाऱ्याबरोबर कधी अंगावर येईल ते सांगता येत नाही. इनहेलर खिशात हवा, सॅकच्या तळाशी नको.

सातमाळा:
राखेतली चाल घसाऱ्यासारखीच (सुट्या खड्यांच्या उतारासारखी) असते का? बूट कोणते घ्यावेत?

अग्निजन्य:
घसाराच, पण खोल. चढताना पाऊल अर्धं मागे सरकतं, त्यामुळे वेळ जास्त धरा. उतरताना टाच आधी रोवायची, गुडघे सैल ठेवायचे आणि शरीर मागे टाकायचं नाही. राखेच्या उतारावर एकमेकांच्या बरोबर खाली राहू नका, वरच्याच्या पायाने सुटलेले दगड थेट खाली येतात.
बूट घोट्याच्या वर येणारे आणि जाड तळव्याचे हवेत. आखूड बुटांत दहा मिनिटांत खडे भरतात, म्हणून शक्यतो वर गेटर (बूट आणि पोटरी झाकणारं कापडी आवरण) चढवा. पूर्ण पँट आणि पातळ हातमोजे घ्या. घसरून हात टेकला तर खडबडीत लाव्हा तळहात सोलून काढतो. कॉन्टॅक्ट लेन्स टाळा, उडत्या राखेने डोळे चोळून लाल होतात. खडक सच्छिद्र असल्याने पाणी जिरून जातं आणि वाटेत झरा मिळत नाही, तेव्हा माणशी दोन लिटर पाणी खालूनच भरून न्या. कातानियात घाम येत असेल तेव्हाही २९०० मीटरवर बोचरा वारा असतो. एक गरम थर आणि वर विंडचीटर प्रत्येकाकडे हवाच.
आणि हो, लाल लाव्हा दिसेलच असं मंडळींना आधीच सांगून ठेवू नका. बहुतेक दिवशी दिसतात ते वाफेचे आणि वायूचे लोट.

लिंबोणी:
वाहतुकीचं सांगते. कातानिया स्टेशनसमोरून सापिएन्झाला एएसटी या बस कंपनीची बस सकाळी सव्वाआठच्या सुमारास सुटते आणि परत साडेचारच्या सुमारास. दिवसाला ही एकच फेरी. अकरा जणांना एकत्र जागा मिळेल याची खात्री नाही, आणि मुखांची फेरी लांबली की परतीची बस हुकलीच. त्या दिवसापुरती चालकासह व्हॅन ठरवा. स्वतः चालवणार असाल तर आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि साध्या कारच्या लायसन्सवर चालकासह नऊच जण बसतात, म्हणजे तुम्हाला दोन गाड्या लागतील. शिवाय जुन्या शहरांत झेडटीएलचा (बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाचा) फलक असलेल्या गल्लीत गाडी घातली की कॅमेरा टिपतो आणि दंड मागाहून येतो.
ताओर्मिना कातानियाच्या उत्तरेला, सिराकूझा दक्षिणेला. दोन वेगळे दिवस द्या. ताओर्मिनाला रेल्वेपेक्षा बस बरी, कारण स्टेशन समुद्राकाठी आहे आणि गाव वर डोंगरावर. ग्रीक थिएटर सकाळी गाठा, तिथून दिसणारा एटना दुपारपर्यंत अनेकदा ढगांत जातो. सिराकूझाला रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो. ऑर्तिजिया बेटावरच्या कॅथेड्रलच्या भिंतीत अथेनाच्या देवळाचे डोरिक खांब तसेच उभे आहेत, ते चुकवू नका. कातानियातला उर्सिनो किल्ला मुळात समुद्रालगत होता. १६६९ च्या लाव्हाने त्याला वेढून किनाराच पुढे ढकलला. एटना पाहून आल्यावर तो पाहिलात तर जास्त कळेल.
शाकाहारींसाठी पास्ता आल्ला नोर्मा: तळलेलं वांगं, टोमॅटो आणि वर किसलेलं खारवलेलं रिकोत्ता चीज. सुका पास्ता सहसा बिनअंड्याचा असतो, ताज्यात बऱ्याचदा अंडं असतं. आरांचिनोत (भाताच्या तळलेल्या गोळ्यात) बहुधा मांसाचा किंवा हॅमचा अंश असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका. कान्नोली या गोड पदार्थाच्या कवचात परंपरेने डुकराची चरबी (स्त्रुत्तो) घालतात, ‘स्त्रुत्तो आहे का’ असं विचारा. बदामाची किंवा लिंबाची ग्रानिता (बर्फाचा गोळ्यासारखा गोड पदार्थ) चालेल, सोबतच्या ब्रियोश पावात मात्र अंडं असतं.

सातमाळा:
एटनाचा दिवस कोणता ठेवू?

अग्निजन्य:
दुसरा किंवा तिसरा. वारा वाढला की रोपवे बंद होतो, म्हणून नंतरचे दोन दिवस शहरांसाठी असे ठेवा की अदलाबदल करता येईल. गाईडचं बुकिंग करताना डोंगर बंद झाल्यास पैसे परत मिळतात की खालची वाट देतात, हे लेखी विचारा. राखेमुळे कातानियाचा विमानतळही बंद होतो, २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तसं झालं होतं. रोमहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये एक रात्र सोडा. विम्यात ३००० मीटरवरचा ट्रेक वगळलेला नाही ना, हेही पैसे भरण्याआधी पाहा.