दिवाळीच्या भेटी: बजेट ४,००० आणि माणसं अकरा, ऑनलाइन नकोय, पुण्यातच काय घेता येईल?

कर्वेनगरकर
मंडळी, वसुबारसेला जेमतेम तीन आठवडे राहिलेत आणि शेवटच्या रविवारी लक्ष्मी रोडच्या गर्दीत घुसायचं नाही असं यंदा ठरवलंय, म्हणून आत्ताच विचारतेय. जूनपासून घराचा हप्ता सुरू झालाय, त्यामुळे भेटवस्तूंना ४,००० आहेत, फार ताणलं तर ४,५००. आणि माणसं मोजली तर अकरा होतात. सासूबाई, सासरे, आई, दोन नणंदा, जाऊबाई, धाकटा भाऊ (बेंगळुरूला असतो, भाऊबीजेला येतोय), घरातली तीन पोरं (४, ७ आणि १२ वर्षांची) आणि नऊ वर्षं आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी.

गेल्या वर्षी एका साइटवरून सगळ्यांना सारखेच हॅम्पर मागवले होते. बॉक्स दिसायला एकदम भारी, आत कुकीज, एक सुगंधी मेणबत्ती आणि खाली नुसता कागदाचा चुरा भरलेला, कुकीजची तारीख संपायला आठ दिवस राहिलेले. सासूबाईंना शुगर आहे, त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण संक्रांतीला तिळाचा डबा काढायला माळ्यावर चढले तर तो बॉक्स तसाच सीलबंद होता. फार लागलं मला ते. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण ज्या बाईबरोबर मी बारा वर्षं एका घरात राहतेय तिच्यासाठी मी दोन मिनिटं विचारही केला नव्हता.

दुसरं म्हणजे माझ्या वडिलांचं सांगलीला स्टेशनरीचं छोटं दुकान होतं. दिवाळीच्या पंधरा दिवसांत जो गल्ला जमायचा त्यातून आम्हा दोघांच्या शाळेच्या फिया निघायच्या, हे मी बघत मोठी झालेय. त्यामुळे यंदा जे काय घेईन ते एखाद्या दुकानदाराकडून, कारागिराकडून नाहीतर बचत गटाकडूनच घ्यायचं असं मनात आहे. पण ४,००० मध्ये अकरा जणांचं बसेल का? नुसत्या वस्तूंची नावं नकोत, कुठे जायचं, काय बघून घ्यायचं तेही सांगा प्लीज.

पेठेतली
ताई, आरामात बसेल, फक्त आत्तापासून सुरुवात करा आणि शक्यतो मधल्या वारी सकाळी अकराच्या आत जा, दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

सासूबाईंसाठी कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन या. पेशवाईपासूनची वस्ती आहे ती, गल्लीत शिरलात की आधी ठोक ठोक आवाज येतो आणि मग दुकानं दिसतात. तिथे मठारकाम बघून घ्या. लोखंडी दांड्यावर भांडं अडकवून हातोडीने एकाला एक लागून ठोके मारत जातात, त्याने पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला ती खवल्यांसारखी चमक येते. हाताने मारलेल्या ठोक्यांची ओळ किंचित इकडेतिकडे होते, साच्यातून काढलेल्याची सगळी एकसारखी असते, बोट फिरवलं तरी कळतं. तांब्याचा भाव वजनावर असतो, त्यामुळे घंगाळं-बंब विसरा, पण छोटा गडू किंवा देवापुढचं पंचपात्र-पळी तुमच्या बजेटमध्ये बसेल. फक्त एक, आत कल्हई नसेल तर त्यात ताक, लिंबू असलं आंबट काही ठेवायचं नाही, साधं पाणी चालतं. आणि घासायला चिंच-मीठ, दुसरं काही लागत नाही.

चार वर्षांच्या पोरासाठी किंवा पोरीसाठी तुळशीबागेतली भातुकली, आणि मुलगा असला तरी भातुकलीच घ्या, माझा भाचा तासन् तास त्या पोळपाट-लाटण्याशी खेळतो. प्लॅस्टिकची नको, पितळेची महाग पडते, लाकडी किंवा स्टीलची बघा. सातवालं किल्ला करत असेल तर मातीचे मावळे. कुंभारवाड्यात मिळतात, तोफ, गवळण, राजांचं सिंहासन असं एकेक निवडून घ्यायचं, पोराला बरोबर घेऊन जा, ते निवडणं हीच निम्मी भेट आहे. तिथूनच पणत्या घ्या आणि घरी आल्यावर दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवा, बारीक बुडबुडे यायचे थांबले की काढून वाळवा. कोरडी पणती तेल पिते आणि मग लोक म्हणतात मातीच्या पणत्या परवडत नाहीत.

सोलापूरकरीण
मी एका बचत गटात आहे, दहा जणी आहोत आम्ही, चटण्या-मेतकूट-भाजणी करतो, म्हणून थोडं आतल्या बाजूने सांगते.

आईसाठी आणि ज्यांना गोड चालत नाही त्यांच्यासाठी चटण्यांचा संच फार चांगला. शेंगा, कारळं, जवस, लसूण, प्रत्येकी शंभर-दीडशे ग्रॅम. आमच्याकडची शेंगाचटणी कुटलेली असते, मिक्सरमध्ये फिरवलेली नाही, कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि ती हाताला चिकटते, बाटलीतून चमच्याने काढावी लागते, भुरभुर सांडली तर समजायचं कुटलेली नाही. पण घेताना पॅकिंगची तारीख बघा, दाण्याची चटणी जुनी झाली की खवट लागते, झाकण उघडून वास घेऊ देत नसतील तर घेऊ नका. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा) नंबर लेबलवर असतो तोही बघा, घरगुती असलं तरी तो काढावाच लागतो आणि आमच्यासारख्या बायकांनी खेटे घालून काढलेला असतो.

आणि एक विनंती आहे, मनापासून करते. दिवाळीच्या आधी चार दिवस फोन करून वीस पाकिटं मागता तेव्हा आम्हाला नाही म्हणवत नाही, मग रात्री दोन-दोनपर्यंत जागून भाजणी भाजतो आणि घरची दिवाळी बाजूला राहते. ऑर्डर पंधरा दिवस आधी द्या, निम्मे पैसे आधी द्या. कच्चा माल उधारीवर आणावा लागला नाही की तोच माल आम्ही तुम्हाला स्वस्तात देऊ शकतो. घासाघीस करून जेवढे वाचतील त्याहून जास्त असेच वाचतात.

मावशींसाठी आमची सोलापुरी चादर सुचवीन. जीआय टॅग (त्या भागाची खास वस्तू असल्याचं सरकारी मानांकन) आहे तिला, पण बाजारात सोलापुरी म्हणून काहीही विकतात. खरी चादर वजनाला भारी असते आणि डिझाइन विणलेलं असतं, म्हणजे उलटी केली की तेच डिझाइन मागे उलट्या रंगात दिसतं. छापील असेल तर मागची बाजू फिकट. धुऊन धुऊन वर्षानुवर्षं जाते.

दुपारची_लोकल
चादर द्याच, पण मावशींना अकरा जणांच्या यादीत धरू नका असं मला वाटतं. त्यांचा दिवाळी बोनस, म्हणजे निदान एक महिन्याचा पगार, तो वेगळा आणि रोख. माझी आई तीस वर्षं चार घरी काम करायची. एका घरून दरवर्षी साडी मिळायची, छान असायची साडी, पण त्या महिन्याला आम्हाला फटाके नाही तरी निदान तेल-डाळ-रवा हवा असायचा आणि साडी देऊन वाणी रवा देत नाही. रागावून लिहीत नाहीये ताई, तुम्ही विचारताय म्हणजे तुम्हाला त्यांची काळजी आहे हे दिसतंय.

कर्वेनगरकर
@दुपारची_लोकल, बरं झालं स्पष्ट लिहिलंत. बोनस देतो आम्ही, पण अर्धा महिना. आज नवऱ्याशी बोलले, यंदापासून पूर्ण महिना द्यायचं ठरलं, तो घरखर्चातून. चादर त्याच्या वर. म्हणजे या ४,००० मध्ये आता दहाच जण.

सासरे आणि भाऊ अजून अडलेत. सासरे म्हणतात मला काही नको, कपडे भरपूर आहेत. दिवसभर वाचत असतात. भाऊ आयटीत, त्याच्याकडे सगळं आहे.

वाचनालयातला_बाक
दिवसभर वाचणाऱ्या माणसाला काय द्यायचं हा काय प्रश्न झाला का :) १९०९ पासून आपल्याकडे दिवाळी अंक निघतायत, पण विकत घ्यायचे तर चार-पाच अंकांतच हजार-दीड हजार जातात. त्यापेक्षा घराजवळच्या वाचनालयात जाऊन त्यांच्या नावाने दिवाळी अंक योजनेची वर्गणी भरून टाका. बऱ्याच वाचनालयांत असते, एकदा पैसे भरले की दोन-तीन महिने अंक बदलून बदलून न्यायचे. रोज संध्याकाळी पायी जाणं होतं, तिथे समवयस्क भेटतात, अंकांवर वाद घालतात. माझ्या वडिलांना मी असंच दिलं होतं, ते गेले त्याच्या आधीच्या दिवाळीला, पासष्ट अंक वाचले त्यांनी आणि प्रत्येकावर दोन ओळी लिहिलेली वही अजून माझ्याकडे आहे. आणि ही छोटी वाचनालयं अक्षरशः वर्गणीवर तग धरून आहेत, त्यामुळे तुमचा दुसरा हेतूही साधतो.

बारा वर्षांच्या पोराला अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांत घेऊन जा, ३०० रुपये हातात द्या आणि तुम्ही लांब उभ्या राहा. त्याला हवं ते घेऊ दे.

रंकाळ्यावरून
भावासाठी कोल्हापुरी चप्पल! पुण्यातही चांगल्या मिळतात पण नीट बघून घ्या, ३०० रुपयांत रस्त्यावर मिळते ती रेक्झिनची. खरी हाताने केलेली ६००-७०० च्या खाली मिळणं अवघड, जरा बरी हवी तर हजाराच्या पुढे. बघायचं काय तर टाच उलटी करून बघा, चामड्याच्या वादीनेच शिवलेली असते, खिळे नसतात. वास घ्या, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला मातकट वास असतो, केमिकलचा झिणझिण्या आणणारा नाही. पहिले चार-पाच दिवस अंगठा चावतो, रात्री आतून थोडं खोबरेल लावून ठेवायचं, मग पायाच्या आकाराची होते. पावसात घालायची नाही हे मात्र त्याला बजावून सांगा, बेंगळुरूत कधीही पडतो.

जीआय २०१९ मध्ये मिळाला, आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे मिळून. म्हणजे भाऊ कर्नाटकात राहतो तर त्याला दोन्हीकडची म्हणून देता येईल. माझे आजोबा हेच काम करायचे. एक जोड पूर्ण व्हायला किती हात लागतात, कातडं कमावणारा वेगळा, तळ कापणारा वेगळा, वेणी घालणाऱ्या बहुतेक घरच्या बायका, हे दुकानात कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं. मापाचा प्रश्न असेल तर भावाला कागदावर पाय ठेवून पेनाने रेघ मारून फोटो पाठवायला सांगा, नंबरापेक्षा ते बरोबर येतं.

हिशोबी
सगळं छान आहे पण एक व्यवहाराचं. ऑनलाइन घेतलं तर आवडलं नाही की परत करता येतं, इथे कोण परत घेतं? आणि भावही जास्तच असतो.

पेठेतली
@हिशोबी, ओळखीच्या दुकानात बदलून देतात हो, फक्त बिल घ्या आणि "मापाचं जमलं नाही तर बदलून द्याल ना" एवढं आधीच विचारा. मी गेल्या वर्षी गडू बदलला, वर चहा पिऊन आले. कुठे कुठे महाग पडतं हे खरं आहे, पण तांब्याचं भांडं पोचलं-चेपलं तर तोच माणूस ठोकून सरळ करून देतो, कल्हई करून देतो, ते कुठली साइट करणार?

ताई, नणंदा आणि जाऊबाई राहिल्या की. खणाचे बटवे. दुकानातले तयार नको, खण विकत घ्या (कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा मागा, छापील पॉलिस्टरचे ढीग पडलेत) आणि तुमच्या सोसायटीखालच्या टेलरकडून शिवून घ्या. आत सुती अस्तर लावायला सांगा, नाहीतर खणाचे धागे निसटतात. दिवाळीत ब्लाउजांची गर्दी असते म्हणून या आठवड्यातच टाका.

कर्वेनगरकर
बारा दिवसांनी लिहितेय, सॉरी, पण सगळं झालंय! हिशोब देते म्हणजे पुढे कुणाला उपयोगी पडेल. सासूबाईंना मठारकामाचा छोटा गडू ६५०, सासऱ्यांची दिवाळी अंकांची वर्गणी ४००, आईला चटण्या आणि मेतकूट ३५०, दोन खणांत तीन बटवे बसले, शिलाई-अस्तर धरून ६६०, लाकडी भातुकली ३५०, मावळे २५० (एक तोफ जास्तीची घ्यायला लागली), पुस्तकं ३००. भावाची चप्पल १,२५०, तिथे सैल सोडलं. एकूण ४,२१०. दिवसाचा एक तास असे चार दिवस गेले, ऑफिसातून येताना.

तांबट आळीत एक गोष्ट झाली. गडू घेतला तेव्हा काकांनी विचारलं कुणासाठी, म्हटलं सासूबाईंसाठी, तर म्हणाले नाव सांगा, आणि छोट्या खिळ्याने ठोकून ठोकून काठाखाली नाव घातलं, तारखेसकट, माझ्यासमोर दहा मिनिटांत. वेगळे पैसे घेतले नाहीत, मीच बळेच ५० ठेवले. आमच्या आज्जीच्या सगळ्या भांड्यांवर असं नाव असायचं, मी विसरूनच गेले होते.

सासूबाईंना अजून दिलेला नाही. पण सासऱ्यांना दम नाही निघाला, परवाच वाचनालयात जाऊन आले आणि पहिला अंक कधी येणार ते विचारून आले. @सोलापूरकरीण ताई, कारळ्याची चटणी अजून दोन पाकिटं हवी आहेत, पण दिवाळी झाल्यावर, सावकाश करा.