फसलेल्या फॅनफिकचे विनोदी परीक्षण कसे लिहावे?

प्रश्न
गुप्तहेरकथांच्या चाहत्यांनी लिहिलेले फॅनफिक, म्हणजे मूळ कथांतली पात्रे घेऊन रचलेल्या नव्या कथा, मी बरीच वर्षे वाचतो आहे आणि त्यातल्या अगदी फसलेल्या कथांचे विडंबनात्मक परीक्षण लिहावे, असे मनात आहे. एक प्रयत्न करून पाहिला. पण नंतर वाचताना त्यात विनोदापेक्षा चिडचिडच जास्त दिसली. कथेतली वाक्ये देऊन मधे मधे टिप्पणी करावी, की साऱ्या कथेचेच विडंबन रचावे? शिवाय फॅनफिकचा लेखक दुखावला जाऊ नये, यासाठी काय करावे?

प्रतिसाद १
आपण निकाल आधी देत असाल आणि पुरावा नंतर, म्हणून चिडचिड जाणवत असावी. वाक्य जसेच्या तसे द्या आणि त्यावर पूर्ण विश्वास ठेवा. समजा, कथेत असे वाक्य आहे: ‘तिची नजर खोलीभर फिरली आणि त्याच्या खांद्यावर जाऊन बसली.’ हे वाक्य वाईट आहे, असे सांगून कोणालाही हसू येत नाही. त्याऐवजी लिहा: ‘गुप्तहेराने खांद्यावरची नजर अलगद उचलून टेबलावर ठेवली आणि चौकशी पुढे सुरू केली.’ परीक्षकाने चेहरा शेवटपर्यंत गंभीर ठेवावा, आणि चार परिच्छेदांनंतर कोणाचा तरी चहाचा कप त्या नजरेवर ठेवला जावा, कारण विसरलेली गोष्ट परत आली की वाचक हमखास हसतो. शुद्धलेखनाच्या चुकांना मात्र हात लावू नका. ऱ्हस्व-दीर्घावरचा विनोद दोन ओळींत शिळा होतो.

प्रतिसाद २
वाक्यागणिक टिप्पणी लवकर थकवते, म्हणून मी संपूर्ण विडंबनाच्या बाजूने आहे. ‘मेरी सू’ ही संज्ञा अशाच विडंबनातून आली. पॉला स्मिथ यांनी १९७३ साली एका चाहता-नियतकालिकात ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेच्या फॅनफिकवर एक छोटीशी कथा लिहिली. तिची नायिका मेरी सू साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट. कॅप्टन कॉफी आणायला जाताना सारे जहाज तिच्या हाती सोपवतो. त्या काळच्या कित्येक कथांमध्ये दिसणारी सर्वगुणसंपन्न नायिका त्यांनी काही परिच्छेदांत बसवली, आणि रोख एका लेखकावर नसून साऱ्या साच्यावर असल्यामुळे ते नाव पुढे टीकेची संज्ञा म्हणून रूढ झाले. दुखावण्याबद्दलच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच दिसते: पाच-सहा कथांतले दोष एकत्र करून आपली स्वतःची वाईट कथा रचावी.

प्रतिसाद ३
दोन्ही मार्ग चालतात, पण टिप्पणीच करायची असेल तर ती मूळ पात्राच्या तोंडी द्यावी. आयुष्यभर पुराव्याशिवाय शब्द न काढणारा गुप्तहेर फॅनफिकमध्ये पहिल्या भेटीतच रडून प्रेमाची कबुली देत असेल, तर त्यालाच स्वतःच्या अश्रूंचा तपास करू द्यावा: ते कोठून आले, किती वाजता आले, साक्षीदार कोण होते. त्यासाठी मूळ कथा फॅनफिककारापेक्षा आपल्याला अधिक पाठ हवी. नाहीतर चूक आपलीच निघते. अनेक फॅनफिककार शाळकरी वयाचे असतात, त्यामुळे एखाद्याच कथेवर लिहायचे असल्यास आधी त्यांची परवानगी घ्यावी आणि नकार मिळाल्यास तो विषय सोडावा.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. माझ्या मसुद्यातली शेरेबाजी काढल्यावर सहा ओळी उरल्या आहेत. त्यांपैकी एकीत नायक ‘डोळ्यांनी दार उघडतो’. तपास तिथूनच सुरू करतो.