घरून काम: हाउजी नको, खुर्ची द्या

टेकडीवरचा (धागाकर्ता)
परवा इथे एका एचआरवाल्या ताईंनी लिहिलं होतं की घरून काम करणाऱ्यांसाठी त्यांची कंपनी दर शुक्रवारी ऑनलाइन हाउजी ठेवते, सोमवारी योग असतो, तरी लोक कॅमेरे बंद करून बसतात. आता कंपनीने आणखी करायचं तरी काय? तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मार्च २०२०मध्ये लॅपटॉप पाठीला लावून घरी आलो आणि डायनिंगच्या लाकडी खुर्चीवर बसलो, तो चार वर्षं. ती खुर्ची अर्धा तास जेवण्यापुरती असते. शेवटी डाव्या कोपरापासून करंगळीपर्यंत मुंग्या यायला लागल्या. ऑर्थोने पहिलंच विचारलं, "टेबल किती उंच आहे?" माझ्या कंपनीने हे आजवर विचारलेलं नाही. हाउजीला का आला नाहीत याचे मात्र दोन मेल आले.

दुसरं, एक्स्टेंशन बोर्ड. लॅपटॉप, मॉनिटर, राउटर आणि चहाची किटली, सगळं ६ अँपियरच्या एकाच बोर्डावर. एकदा कॉल चालू असताना जळका वास आला. बघतो तर प्लगभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन पिनेला चिकटलेलं. ऑफिसात फायर ड्रिलला जिने उतरवायचे. घरी कोण बघतं?

फाइलवाली
ती ताई मीच. १५०० वॅटची किटली त्या बोर्डाला कंपनीने लावली होती का? ऑफिसात ॲडमिनने उचलून नेली असती. तुमच्या घरात शिरायचा हक्क आम्हाला नाही. २०२१मध्ये एक फॉर्म पाठवला होता: वायरिंग, टेबल, बसायच्या जागेचा एक फोटो. "माझ्या बेडरूमचा फोटो तुम्हाला कशाला?" म्हणून ग्रुपवर माझ्या नावाने शिमगा झाला. मागितला तर पाळत, नाही मागितला तर निष्काळजीपणा!

नेकारकाठी
मी श्टुटगार्टला असते. इथे एक जण सकाळी उठून नाश्ताही न करता गोल जिन्याने खालच्या खोलीत कामाला निघाला, घसरला, मणका मोडला. विमा संस्था म्हणाली, हा कामावरचा अपघात नव्हे. ८ डिसेंबर २०२१ला संघीय सामाजिक न्यायालयाने तो कामावरचाच धरला, कारण तो थेट कामालाच निघाला होता. पलंग ते टेबल एवढीच वाट!

सदाशिव_३०
झालं, जर्मनी आली. इकडे ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक सुप्रिया सुळ्यांनी २०१८मध्ये लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं. १९७०नंतर असं एकही पास झालेलं नाही, तेव्हा वाट बघा.

आणि खरा प्रश्न गुरुवारचा आहे. महावितरणला दुरुस्ती काढायची असली की गुरुवारच सापडतो. मॅनेजर म्हणतो, "बॅकअप नाही का?" इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी मिळून २५ हजार माझ्या खिशातून गेले. नेटचं बिल देतात, इन्व्हर्टरचं नाव काढलं की 'ती तुमची मालमत्ता'. डिस्टिल्ड वॉटर घालणार मी, पंखा बंद करून घामात मीटिंग करणार मी!

गडनदी
गुरुवार ठरलेला तरी आहे. आमच्या कणकवलीत पावसाळ्यात तारेवर फणस पडला की दोन-दोन दिवस वीज नसते. मी स्कूटरच्या डिकीवर लॅपटॉप ठेवून, छत्री मानेत धरून सॉफ्टवेअरचं रिलीज केलंय.

सदाशिव_३०
मग गावी गेलात कशाला? पगार पुण्याचा, घरभाडं शून्य, अंगणात आंबे. वर रडगाणं.

गडनदी
वडील अंथरुणाला आहेत म्हणून आलो. आंबे तुम्हाला पाठवू का, पेटीत तुमचं इन्व्हर्टरचं बिल घालून?

टेकडीवरचा
अहो, धागा इन्व्हर्टरचा नाहीये.

सदाशिव_३०
ज्याच्याकडे वीज आहे त्याला असंच वाटतं.

उंबरठा
मी कॅमेरा बंद ठेवते कारण मागे सासूबाई भाजी निवडत बसलेल्या असतात. टू बीएचकेत दोन लॅपटॉप, एक शाळकरी मुलगा. कॉलवर असतानाच "घरीच आहेस ना, गॅस बंद कर" येतं. हाउजीत आकडे खोडण्यापलीकडे कोणी कोणाशी बोलत नाही. माझी आधीची टीम लीड दर बुधवारी १० मिनिटं साधा फोन करायची. सुरुवात "जेवलीस का?" मुलाला डेंग्यू झाला तेव्हा मी न सांगता तिला आवाजावरून कळलं, आणि रिलीज दुसऱ्याकडे गेलं. ती सोडून गेली, वर्षात आमच्यातले तिघे गेले. तुमच्या एक्सेलमध्ये हे कुठल्या रकान्यात बसतं?

फाइलवाली
बसत नाही. माझ्याकडे ३४० माणसं आहेत, ३४० वेळा "जेवलास का" विचारू?

उंबरठा
तुम्ही नाही हो. लीडला त्यासाठी वेळ द्या. तो सगळा वेळ तुमच्या डॅशबोर्डातले आकडे भरण्यात जातो.

फाइलवाली
बरं. डॅशबोर्ड माझा नाही, वरून आलाय, पण हे पुढे सांगेन. खुर्चीचंही मान्य, बजेटमध्ये टाकते. फायनान्सने कारण विचारलं तर टेकडीवरच्यांच्या करंगळीचा फोटो जोडेन. किटलीचं खापर मात्र घेणार नाही.

टेकडीवरचा
किटली ओट्यावर नेली आहे. खूश?

गडनदी
खुर्च्या खरंच निघाल्या तर माझी कणकवली स्टँडवरच उतरवा, कुरिअर वाडीपर्यंत येत नाही. टेम्पोचं बिल कुठल्या हेडखाली लावायचं?